स्ट्रिंग क्वार्टेट: स्पर्धेआधीची तयारी आणि बक्षिसानंतरची

दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं), एक चेलो (त्याहून मोठं, खर्जातलं). चार तयारीचे वादक जमले की क्वार्टेट झालं, असं नसतं. कॅनडातल्या बान्फच्या क्वार्टेट स्पर्धेत २०१३ साली डोव्हर क्वार्टेटनं पहिल्या बक्षिसासह सगळी विशेष बक्षिसं नेली, तेव्हा हे क्वार्टेट २००८ पासून वाजवत होतं. एवढी वर्षं लागतील असं धरूनच सुरुवात करा.

पहिलं काम सुराचं. ‘ए’ (सगळे ज्यावरून वाद्य लावतात तो पाश्चात्त्य स्वर) ४४० हर्ट्झवर की ४४२ वर, हे एकदा ठरवून टाका. त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या तारा शुद्ध पंचमात लावतो आणि घोळ तिथेच होतो. चेलोच्या सीपासून जी, डी, ए आणि व्हायोलिनचा ई असे चार शुद्ध पंचम एकावर एक रचले, की तो ई सीच्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे २२ सेंट चढा निघतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जातला स्वयंभू गंधार ज्यानं कान देऊन ऐकलाय, त्याला हे लगेच टोचतं. म्हणून प्रत्येक पंचम साधारण २ सेंट अरुंद लावा. चेलो आणि व्हायोलाची सी तार त्यानं जरा वर येते. तरीही १४ सेंट उरतातच. तेव्हा सी मेजरच्या लांब कॉर्डवर (सी, ई, जी हे स्वर एकत्र वाजतात तिथे) व्हायोलिननं ई तार मोकळी वाजवू नये, तोच स्वर ए तारेवर चौथ्या बोटानं घ्यावा. बोट सरकवता येतं, मोकळी तार नाही.

अडलेला कॉर्ड व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) बंद करून, हलक्या आवाजात बांधा. आधी चेलोचा मूळ स्वर, मग त्याची वरची सप्तकं, मग पंचम. गंधार सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलका. नीट बसला की कॉर्डमधली थरथर थांबते. इथे ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) बाजूला ठेवा, तो पियानोचाच, म्हणजे नैसर्गिकपेक्षा चढा गंधार दाखवतो.

तालमीत मतभेद होणारच. बोलत बसू नका. दोन्ही पद्धतींनी वाजवा, रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लय हलत असेल तर सगळे पहिल्या व्हायोलिनकडे बघतात, पण दोष बहुधा मधल्या दोन आवाजांत असतो: दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला दोघंच वाजवून बघा.

स्पर्धा निवडताना वयाची अट सगळ्यात आधी वाचा. एका सदस्याचं वय ओलांडलं की चौघं बाद. निवडीचं रेकॉर्डिंग सहसा सलग, न कापता मागतात. अठराव्या शतकातल्या हायडनच्या रचना सोप्या समजून मागे ठेवू नका. विसाव्या शतकातल्या बार्टोकमध्ये झाकली जाणारी सुरातली चूक हायडनमध्ये उघडी पडते. खास लिहून घेतलेली नवी रचनाही काही स्पर्धांत वाजवावी लागते. तिची स्वरलिपी उशिरा हातात येते, तेव्हा बाकीचा कार्यक्रम त्याआधीच पक्का हवा.

आता कोणी फारसं न सांगणारा भाग: लेखी करार. तो बक्षिसाआधी करा, नंतर प्रत्येकाचा भाव वाढलेला असतो. सोडून जाणाऱ्यानं किती महिने आधी सांगायचं, नवा सदस्य कोण निवडणार आणि नाव कोणाचं, एवढं त्यात हवंच. १९७५ साली बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या टाकाच क्वार्टेटला ज्यांचं नाव आहे, ते पहिले व्हायोलिनवादक नव्वदीच्या सुरुवातीलाच बाहेर पडले. क्वार्टेट त्याच नावानं चालू राहिलं. ऐंशीच्या दशकापासून अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा आधार त्यांना होता. मैफलींवर पोट भरणं अवघडच, त्यामुळे बक्षिसानंतर विद्यापीठातली अशी शिकवण्याची जागा (रेसिडेन्सी) शोधा.

मानधनाचे भाग पाच करा, चार सदस्यांचे आणि एक सामायिक खर्चाचा. एजंटचं कमिशन त्याआधीच वजा होतं. प्रवासाचा हिशेबही पाच तिकिटांचा, कारण चेलोला विमानात स्वतःची सीट लागते. ती फोन करून, खिडकीजवळची घ्या. वाद्य सीटवर बांधायला पट्टा मिळेल ना, हे विचारून ठेवा.

जुन्या गजाचं टोक हस्तिदंताचं असेल तर परदेशी कस्टममध्ये तो अडकू शकतो. कागदपत्रं नसतील तर दौऱ्यावर दुसरा गज न्या.