शोधनिबंधातील हितसंबंधांची घोषणा कशी वाचावी

नवे औषध जुन्यापेक्षा सरस ठरल्याचा शोधनिबंध हाती आला की बहुतेक वाचक सारांश वाचतात, आलेखांवरून नजर फिरवतात आणि निष्कर्षापाशी थांबतात. संदर्भयादीच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेल्या हितसंबंधांच्या घोषणेपर्यंत, म्हणजे लेखकांचे कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध सांगणाऱ्या मजकुरापर्यंत, फारसे कोणी जात नाही, आणि जे जातात त्यांतले काही जण औषधकंपनीचे नाव दिसताच सगळा निबंधच निकालात काढतात. माझ्या मते यात दोघांचेही सारखेच नुकसान होते. निबंधाचा कोणता भाग डोळ्यांत तेल घालून वाचायचा, हे त्या घोषणेवरून कळते आणि तिचा खरा उपयोग तोच आहे. वैद्यकीय विद्यार्थी, आरोग्यविषयक लेखन करणारे पत्रकार आणि आपल्या आजाराविषयी मुळातून वाचू इच्छिणारे रुग्ण यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत मांडली आहे.

घोषणा निकालांच्या आधी वाचावी, कारण आकडे एकदा मनात ठसले की मागाहून वाचलेली घोषणा केवळ औपचारिक वाटू लागते. वाचताना चार गोष्टी वेगवेगळ्या टिपून घ्याव्यात: अभ्यासाचा खर्च कोणी केला; आराखडा आखणे, नोंदी सांभाळणे, विश्लेषण करणे आणि मसुदा लिहिणे ही कामे कोणाच्या हाती होती; लेखकांना व्यक्तिशः कोणते उत्पन्न मिळाले; आणि कंपनीत कोणाची नोकरी, समभाग किंवा पेटंट आहे. ही माहिती सहसा एका जागी सापडत नाही. निधीचा उल्लेख स्वतंत्र मथळ्याखाली असतो, प्रायोजकाची भूमिका कार्यपद्धतीच्या विभागात असते, तर मसुदा लिहिण्यासाठी प्रायोजकाच्या खर्चाने व्यावसायिक लेखक नेमला असल्यास ते आभारांच्या परिच्छेदात नोंदलेले असते.

एक काल्पनिक घोषणा घेऊ: ‘पहिल्या लेखकाला प्रायोजक कंपनीकडून व्याख्यानांचे मानधन व प्रवासखर्च मिळाला आहे. दुसऱ्या लेखकाच्या संस्थेला याच कंपनीकडून संशोधन अनुदान मिळाले आहे. तिसरे व चौथे लेखक कंपनीचे कर्मचारी असून त्यांच्याकडे तिचे समभाग आहेत. उर्वरित लेखकांचे कोणतेही हितसंबंध नाहीत.’ पहिल्या लेखकाचे नाव मोठे असल्याने नजर तिथेच खिळते. पण आता लेखकांच्या योगदानाचा परिच्छेद काढून सांख्यिकी विश्लेषण कोणी केले ते पाहावे. ते चौथ्या लेखकाने केले असेल, तर निकालाचा परिणाम ज्याच्या समभागांच्या भावावर थेट होतो त्याच माणसाने आकडेमोड केली आहे, आणि संपूर्ण घोषणेतली सर्वांत वजनदार ओळ तीच आहे. दुसऱ्या लेखकाचे अनुदान संस्थेच्या खात्यात जाऊन परिचारिका, तपासण्या आणि नोंदणी यांवर खर्च होते, त्यामुळे ते वैयक्तिक मानधनाच्या रांगेत बसवू नये; मात्र पुढचे अनुदान त्याच कंपनीकडून मिळण्याची अपेक्षा असू शकते, म्हणून ते शून्यही धरू नये. कृत्रिम सांध्याच्या रचनेत सहभागी झालेल्या शल्यचिकित्सकाला मिळणारी रॉयल्टी हा प्रकार आणखी वेगळा आहे: ती प्रत्यक्ष केलेल्या कामाचा मोबदला असते, पण विक्रीबरोबर वाढतही जाते.

रक्कम लहान आहे म्हणून ती दुर्लक्षण्याजोगी आहे, असे मानण्याचा मोह होतो. अमेरिकेतील 2,79,669 डॉक्टरांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधाच्या प्रसारासाठी कंपनीने दिलेले, सरासरी 20 डॉलरपेक्षाही कमी किमतीचे एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांमध्येसुद्धा ते ब्रँडेड औषध लिहून देण्याचे प्रमाण अधिक आढळले. यावरून जेवणामुळेच औषध लिहिले गेले असे सिद्ध होत नाही, कारण त्या औषधाकडे आधीच कल असलेले डॉक्टरही अशा कार्यक्रमांना जात असतील. तरीही रक्कम लहान म्हणून प्रभाव नाहीच असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून दिसते. डॉक्टरांच्या स्वतःच्या खात्रीवरही विसंबता येत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवासी डॉक्टरांच्या एका सर्वेक्षणात कंपन्यांच्या प्रचाराचा आपल्यावर परिणाम होत नाही असे 61 टक्के डॉक्टरांनी सांगितले होते, पण इतर डॉक्टरही तितकेच अलिप्त राहतात असे मानणारे फक्त 16 टक्के होते. हे डॉक्टर खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. स्वतःवर होणारा परिणाम माणसाला आतून जाणवत नाही, आणि म्हणूनच लेखी नोंद लागते.

‘हितसंबंध नाहीत’ असे लिहिलेले असेल तिथे पडताळणी करावी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा जो नमुना अर्ज अनेक नियतकालिके वापरतात, त्यात प्रस्तुत अभ्यासाबाहेरच्या संबंधांसाठी मागील 36 महिन्यांचीच माहिती मागितली जाते. त्याआधीचा दीर्घ संबंध नियमानुसार गाळला गेलेला असू शकतो. अमेरिकेत 2010 च्या कायद्यानुसार कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमांची ‘ओपन पेमेंट्स’ ही सरकारी नोंदवही सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात ऑगस्ट 2013 पासूनच्या नोंदी आहेत. हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या बेनफ्लुओरेक्स या औषधाच्या प्रकरणानंतर फ्रान्सनेही 2011 मध्ये अशा नोंदींचा कायदा केला. अमेरिकी नोंदवहीत शोध घेताना पूर्ण नाव, विशेषज्ञता आणि राज्य जुळते आहे ना, हे पाहावे, कारण एकाच नावाचे अनेक डॉक्टर असतात. त्यानंतर सर्वसाधारण रकमा, संशोधनाच्या रकमा आणि मालकी हक्क हे तीन तक्ते वेगळे वाचावेत. एका वर्षाची माहिती पुढील वर्षाच्या मध्यास प्रसिद्ध होत असल्याने अगदी अलीकडचे व्यवहार तिथे दिसणार नाहीत. ही पडताळणी निरर्थक नसते: 2018 मध्ये न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांनी अनेक निबंधांत कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध जाहीर न केल्याचे वृत्तपत्रीय तपासातून उघड झाले आणि त्यांना पद सोडावे लागले.

एवढे झाल्यावर मूळ निबंधाकडे वळावे. खरे काम इथेच आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात असे आढळले की कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या औषध व उपकरणांच्या अभ्यासांत प्रायोजकाला अनुकूल निकाल आणि निष्कर्ष अधिक वेळा निघतात, पण त्यांमागचे कारण पूर्वग्रह मोजण्याच्या नेहमीच्या निकषांतून पुरते उलगडत नाही. याचा अर्थ असा की रुग्णांची यादृच्छिक विभागणी नीट झाली, डॉक्टर व रुग्ण दोघांनाही औषध कोणते ते माहीत नव्हते, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. प्रश्न कसा विचारला गेला, ते तपासावे लागते. नव्या औषधाची तुलना उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम उपचाराशी केली की केवळ निष्क्रिय गोळीशी? तुलनेच्या औषधाची मात्रा पुरेशी होती का? रुग्णाचे आयुष्य, झटके, रुग्णालयातील भरती अशी त्याला जाणवणारी फलिते मोजली, की रक्तातील एखादा घटक तेवढा मोजला? चाचणी सुरू होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदणीत लिहिलेले मुख्य फलित आणि निबंधात छापलेले मुख्य फलित एकच आहे का? नोंदणी क्रमांक बहुधा सारांशाच्या शेवटी असतो आणि ही तुलना थोड्या वेळात होते, तरी ती करणारे वाचक विरळा, याची मला खंत वाटते. शेवटी निष्कर्षातील विशेषणे निकालाच्या तक्त्याशी ताडून पाहावीत आणि दुष्परिणामांचा तक्ता पुरवणीत ढकलला असल्यास तोही उघडावा.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे वाचताना हीच पद्धत अधिक कडकपणे लावावी, कारण एका निबंधापेक्षा त्यांचा परिणाम कितीतरी अधिक रुग्णांवर होतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये शिफारस केली की अशी तत्त्वे ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षाचे हितसंबंध नसावेत आणि हितसंबंध असलेले सदस्य अल्पसंख्य असावेत. म्हणून प्रथम अध्यक्षाची घोषणा पाहावी, मग सदस्यांची मोजणी करावी, आणि वादग्रस्त शिफारशीवरील मतदानातून संबंधित सदस्य बाजूला राहिले होते का, हे शोधावे.

या वाचनाविषयी इतरांसाठी लिहिताना रक्कम, प्रकार, वर्ष आणि कंपनी एवढेच नोंदवावे. डॉक्टर विकला गेला अशी भाषा नोंदींतून सिद्ध होत नाही आणि सचोटीने काम करणाऱ्यांवर ती अन्याय करते. जाहीर न केलेला संबंध आढळल्यास प्रथम लेखकालाच पत्र लिहून विचारावे, कारण नावांची गल्लत किंवा कंपनीने केलेली चुकीची नोंद असू शकते. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर नोंदीची प्रत, निबंधातील घोषणेचा मजकूर आणि दोन्हींच्या तारखा जोडून नियतकालिकाच्या संपादकाला कळवावे. प्रकाशन नीतिमत्ता समितीने (COPE) अशा तक्रारींसाठी संपादकांना टप्प्याटप्प्याची कार्यपद्धती आखून दिली आहे, आणि तपासाअंती नियतकालिक आवश्यक वाटल्यास दुरुस्ती छापते.