परदेशात कंपनी काढताय? या चुका टाळा, आणि झाल्या असतील तर अशा निस्तरा

अंधेरीतल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या हॉटेलात रविवारी सकाळी ‘आठवड्याभरात दुबईत कंपनी’ असे सेमिनार भरतात. चहा-समोसा फुकट, शून्य टॅक्सची स्लाइड मोठ्या अक्षरांत आणि शेवटी ‘आजच बुकिंग केलंत तर’ची ऑफर. तिथे सांगतात त्यातलं बरंचसं खरं असतं, हीच गोम. कंपनीची नोंदणी खरंच पटकन होते. ब्रिटनच्या कंपनीज हाउसमध्ये ती ऑनलाइन होते, सिंगापूरमध्ये एका डॉलरच्या भांडवलावर होते आणि अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये तर त्या देशात पाऊल न ठेवताही होते. माणूस अडतो तो त्यानंतर: बँक खातं, तिथे काम करायचा हक्क, इथून पैसा न्यायची रीत आणि इथल्या आयकर विवरणातली नोंद. या चारांची स्लाइड सहसा दाखवत नाहीत.

देश टॅक्सवरून निवडणं

‘कुठे टॅक्स कमी?’ हा प्रश्न पहिला विचारला की पुढची सगळी गणितं उलटी पडतात. आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते बघा. मसाल्यांचे व्यापारी धनंजय दातार १९८४ मध्ये दुबईत वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात रुजू झाले, तेव्हा भारतीय मसाले आणि डाळी शोधणारं गिऱ्हाईक तिथे आधीपासून होतं. धंदा गिऱ्हाइकामागे गेला. आज अनेक जण उलट करतात. कंपनी दुबईत, गिऱ्हाइकं पुण्यात आणि मालक बोरिवलीत.

तुमचं काम डिझाइन, सॉफ्टवेअर, अकाउंटिंग, भाषांतर किंवा ऑनलाइन शिकवणी असं असेल, तर परदेशी कंपनी हवीच का, हेही विचारा. इथली प्रोप्रायटरशिप किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) परदेशी गिऱ्हाइकाला थेट बिल देऊ शकते. जीएसटीमध्ये एलयूटी हे हमीपत्र भरलं की सेवांच्या निर्यातीवर कर न लावता काम करता येतं. पहिली दोन-तीन परदेशी गिऱ्हाइकं दादरच्या पत्त्यावरून सांभाळून बघावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकानेच ‘आमच्या देशातली कंपनी हवी’ असा हट्ट धरला तर तेव्हा काढा.

दुबईच्या ‘टॅक्स फ्री’बद्दलही थोडं. यूएईमध्ये ५ टक्के व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून आहे. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट टॅक्सही लागू झाला: ३,७५,००० दिरहॅमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यापुढे ९ टक्के. फ्री झोनमधल्या, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास क्षेत्रातल्या कंपनीला शून्य दर मिळू शकतो, पण ठरावीक अटींवर आणि ठरावीक उत्पन्नावरच. कर भरायचा नसला तरी नोंदणी करावीच लागते, ती उशिरा केल्याबद्दल १०,००० दिरहॅम दंड आहे. फ्री झोनचं लायसन्स स्वस्त दिसतं म्हणून घ्यायचं आणि मग दुबईच्या देरा बाजारातल्या दुकानदारांना माल विकायला निघायचं, ही तर नेहमीची गफलत. मेनलँडवर, म्हणजे फ्री झोनबाहेर, थेट विक्रीसाठी वेगळी परवानगी किंवा स्थानिक वितरक लागतो. २०२१ पासून मेनलँडवरही बहुतेक धंद्यांत शंभर टक्के परकीय मालकी चालते, त्यामुळे विक्री स्थानिक बाजारातच करायची असेल तर सुरुवातीपासून तोच रस्ता बघावा.

कंपनी आहे म्हणजे काम करता येतं असं समजणं

मालक होणं वेगळं आणि तिथे बसून काम करणं वेगळं, हे सगळ्यात जास्त लोकांना उशिरा कळतं. ब्रिटनमध्ये कंपनी काढायला तिथला रहिवासी असावं लागत नाही, पण त्या कंपनीमुळे व्हिसा मिळत नाही. एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड २०१४ पासून मिळतं. ते डिजिटल ओळखपत्र आहे, राहायचा परवाना नाही, आणि कराच्या हिशोबात त्याने तुम्ही तिथले रहिवासीही ठरत नाही. सिंगापूरला किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो. तो नसेल तर लोक वर्षाला फी देऊन नामधारी संचालक घेतात. स्वतः तिथे जाऊन काम करायचं तर एम्प्लॉयमेंट पास वेगळा काढावा लागतो.

अमेरिकेत गोंधळ आणखी वाढतो. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा चांगला आहे असं यूट्यूबवर दहा जण सांगतील, पण तो करार असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि भारत त्या यादीत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भाच्याच्या नावाने कंपनी काढायची आणि संध्याकाळी त्यानेच ती चालवायची, हा बेत आणखी धोक्याचा. शेअर असणं चालतं, कंपनीत काम करणं चालत नाही. त्याच्यामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, असेल, तर ती व्यक्ती मात्र स्वतःचा धंदा करू शकते. ब्रिटनमध्येही विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, पण स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट जोडीदाराला तो करता येतो. घरात दोघं तिकडे असतील तर धंदा कोणाच्या नावाने काढायचा, याचं उत्तर व्हिसाच्या कागदावर छापलेलं असतं. ‘नवऱ्याच्या नावाने काढू, तोच बघतो सगळं’ असं म्हणण्याआधी तो कागद वाचा.

चूक झालीच असेल तर काम लगेच थांबवा, शेअर तेवढे ठेवा आणि त्या देशातल्या इमिग्रेशन वकिलाला गाठा. इथल्या एजंटला नव्हे, त्यानेच बहुधा सल्ला दिलेला असतो.

पैसा भलत्या वाटेने पाठवणं

इथे थोडं सावकाश वाचा. मुंबईकरांच्या सगळ्यात महाग चुका याच टप्प्यावर होतात, आणि त्या दोन-तीन वर्षांनी उघड होतात.

निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशातल्या स्वतःच्या कंपनीत पैसा घालणं म्हणजे ओडीआय, परदेशातली थेट गुंतवणूक. त्याचे नियम फेमा या परकीय चलन कायद्याखाली ऑगस्ट २०२२ मध्ये नव्याने आले. रक्कम पाठवण्याआधी बँकेत फॉर्म एफसी भरायचा, बँक रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीचा यूआयएन क्रमांक घेते आणि मग पैसे जातात. लोक काय करतात? वेबसाइटवर क्रेडिट कार्ड घासून डेलावेअरची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढतात, किंवा लंडनच्या मेव्हण्याला ‘कुटुंबीयांचा खर्च’ म्हणून पैसे पाठवतात आणि तो ते कंपनीत टाकतो. बँकेच्या नोंदीत घरखर्च, कंपनीच्या वहीत भागभांडवल. हा विसंवाद पुढे निस्तरणं फार जिकिरीचं होतं.

दुसरी गोष्ट, आई, बायको आणि स्वतः अशा तिघांच्या मर्यादा एकत्र करून कंपनीत पैसे घालायचे असतील, तर तिघंही भागीदार किंवा भागधारक हवेत. नुसतं नाव वापरून चालत नाही. कर्ज काढून रक्कम पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा, भांडवली कारणासाठी एलआरएसखाली पैसे पाठवायला बँकेने कर्ज देऊ नये असा नियम आहे.

टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचा, धक्काही आधीच हिशोबात धरा. वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्यापुढच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. ३० लाख पाठवलेत तर २० लाखांवर ४ लाख रुपये बँक बाजूला काढते. ही रक्कम बुडत नाही, आयकरात वळती होते किंवा परत मिळते. पण दुकानाचं डिपॉझिट भरायच्या महिन्यात चार लाख अडकले की कसं होतं, ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

काही धंदे व्यक्तीला मुळात बंद आहेत. सावकारी, विमा, गुंतवणूक अशा वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत निवासी व्यक्तीला, वारसाहक्कासारखे मोजके अपवाद सोडले तर, असा पैसा घालता येत नाही. जागा घेऊन विकायचा धंदा आणि जुगारही वर्ज्य. स्वतःच्या ताब्यातल्या सिंगापूर कंपनीच्या पोटात अमेरिकन कंपनी, अशी स्टार्टअपवाल्यांची लाडकी रचनाही व्यक्तीला चालत नाही. शिवाय परदेशी कंपनीत मालकाची जबाबदारी मर्यादित असली पाहिजे, त्यामुळे दुबईतलं एकट्याच्या नावाचं ‘सोल एस्टॅब्लिशमेंट’ घेण्याआधी सीएला दोनदा विचारा.

नंतरचं काम दरवर्षीचं. पैसे पाठवल्यावर शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर हा वार्षिक अहवाल भरायचा. आयकर विवरणात शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. तो कॅलेंडर वर्षाप्रमाणे असतो, एप्रिल ते मार्च नाही, आणि कंपनीने एक पैसा कमावला नसला तरी त्यात नाव लागतं. तो चुकला तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे, पण सूट आहे म्हणून रकाना कोरा ठेवू नका.

एपीआर राहून गेला असेल तर घाबरून लपवू नका. लेट सबमिशन फी ही सोय आहे: अशा अहवालासाठी ७,५०० रुपये. देय तारखेपासून तीन वर्षांच्या आत हे करता येतं. त्यानंतर कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक मान्य करून रक्कम भरून प्रकरण मिटवायचा, अर्ज करावा लागतो, तो वेळखाऊ आणि खर्चिक. मूळ फॉर्म एफसीच भरला नसेल तर तुमच्या बँकेच्या फॉरेक्स विभागात जा. गल्लीतल्या शाखेत बहुधा कोणाला माहीत नसतं. फोर्ट किंवा बीकेसीच्या मोठ्या शाखेत हे काम जाणणारी माणसं भेटतात.

बँक खातं ‘होऊन जाईल’ म्हणून सोडणं

लायसन्स भिंतीवर, पण खातं नाही. यूएईमध्ये बँकेला एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), भाडेकरार, पैशाचा उगम आणि खऱ्या गिऱ्हाइकांचे करार बघायचे असतात. लायसन्सवर सुरक्षित म्हणून ‘जनरल ट्रेडिंग’ घेतलं की बँकेच्या कपाळावर आठ्या पडतात. मुंबईतल्या खात्याचं सहा-बारा महिन्यांचं स्टेटमेंट, सीएने दिलेलं उगमाचं पत्र, दोन-तीन ऑर्डरचे ईमेल आणि धंदा नेमका काय हे सांगणारं एक पान, अशी फाइल नोंदणीच्या आधीच तयार ठेवा. एका बँकेने नाकारलं तर दुसरीला ते सांगा, लपवलेलं नंतर कळतं.

खाण्याचा धंदा सोपा समजणं

लंडनच्या हाउन्स्लोमध्ये मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी वडापाव विकायला सुरुवात केली आणि त्याचं मोठं नाव झालं. ती गोष्ट ऐकून दर दिवाळीला कोणीतरी तिकडे फराळाचा धंदा काढतं. कल्पना चांगलीच आहे. पण ब्रिटनमध्ये घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं तरी किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. ऑक्टोबर २०२१ पासून स्वतः पॅक करून विकलेल्या पदार्थावर घटकांची पूर्ण यादी लागते, १४ ॲलर्जीकारक घटक ठळक करून. आपल्या चिवड्यात शेंगदाणे, चकलीत तीळ, फोडणीत मोहरी. तिन्ही त्या यादीत आहेत. सगळ्यात फसवा मात्र हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे निव्वळ तांदळाच्या चकलीवर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलंत तर तुम्ही खोटं लिहिलंत. हिंगाच्या डबीमागचं लेबल वाचायची सवय लावून घ्या.

आंबा आणि मसाल्याचंही तसंच. अमेरिकेत हापूस न्यायचा तर विकिरण प्रक्रिया हवी, त्यासाठी वाशीत पणन मंडळाचं केंद्र आहे. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंबा ऐन हंगामात बंद केला, तो पुढच्या जानेवारीत खुला झाला. ज्यांनी आगाऊ पैसे देऊन बागा घेतल्या होत्या त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलिन ऑक्साइडमुळे काही भारतीय मसाल्यांची पाकिटं बाजारातून काढायला लावली. म्हणून पहिल्या कंटेनरआधी त्या देशाच्या मर्यादेप्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, आणि एकाच फळावर किंवा एकाच मसाल्यावर सगळा धंदा उभा करू नका.

कागद आणि भागीदार

कागदांचं थोडक्यात: भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे ब्रिटनसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, पुरतो. यूएई त्या करारात नाही, तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. पासपोर्टवर, डिग्रीवर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का, ते सगळ्यात आधी बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये असतं, कधी नसतं, आणि नेमकं त्यावरच काम अडतं.

भागीदार आत्येभाऊ असला तरी करार लेखी हवा. कोण किती पैसे घालणार, कोण तिथे राहणार, सही कोणाची, आणि वेगळं व्हायचं झालं तर शेअर कोणत्या भावाने घ्यायचे. जर्मनीत जीएमबीएच या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीसाठी २५,००० युरो भांडवल लागतं, त्यातलं निदान निम्मं नोंदणीआधी भरावं लागतं. ते कोणी भरलं यावरून नात्यांत दरी पडलेली घरं आहेत.

न चालणारी कंपनी तशीच सोडून देणं

धंदा जमला नाही की लोक वेबसाइट बंद करतात आणि विषय संपला असं समजतात. डेलावेअरच्या एलएलसीला काम असो वा नसो, दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरावे लागतात. परदेशी मालक एकटाच असेल आणि त्याने कंपनीत पैसे घातले किंवा काढले असतील, तर अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ५४७२ भरावा लागतो. तो चुकला की दंड २५,००० डॉलर. दुबईचं लायसन्स नूतनीकरण न करता सोडलं तरी दंड चढत राहतो आणि पुढच्या खेपेला व्हिसा काढताना समोर येतो. तेव्हा रीतसर बंद करा, बंद केल्याचा दाखला घ्या, उरलेली रक्कम ९० दिवसांत भारतात आणा आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला कळवा. त्या वर्षीच्या शेड्यूल एफएमध्येही ती कंपनी शेवटची एकदा दाखवावी लागते.