‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका: हृदयविकाराची लक्षणे ओळखताना होणाऱ्या चुका

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन घरी आल्यावर छातीत जळजळू लागले, की कोणीतरी हमखास ओवा नाहीतर सोडा पुढे करते. बहुतेक वेळा तो गॅसच असतो आणि म्हणूनच ही चूक घातक ठरते, कारण पित्ताची जळजळ आणि हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याने होणारा त्रास यांतला फरक डॉक्टरांनाही ईसीजीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. हृदयाचे दुखणे पुष्कळदा दुखण्यासारखे नसतेच. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, जबडा, खांदा, हात किंवा पाठ भरून येते, थंड घाम सुटतो, मळमळते. ढेकर आल्यावर बरे वाटले, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असे ठरवू नये.

जिना चढताना छाती आवळते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत मोकळी होते, याला लोक ‘वय झाले’ म्हणतात. हा त्रास नव्याने सुरू झाला असेल किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमांत होऊ लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बसल्या जागी होऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठावे.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अचानक धाप लागणे किंवा कधी नव्हे इतका थकवा येणे, एवढेच लक्षण असू शकते. सणासुदीला स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईची अशी तक्रार घरात सर्वांत शेवटी ऐकली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्याकडे रामबागेसारख्या वस्तीत कितीतरी ज्येष्ठ जोडपी एकटी राहतात आणि त्रास झाला, की आधी पुण्याच्या मुलाला फोन लावतात. पहिला फोन १०८ ला करावा. रुग्णाने स्वतः स्कूटर काढू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वर किंवा डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी हृदयविकाराची गोळी) मात्र घेऊ नये, कारण तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणून घरी परतणे ही आणखी एक चूक. सुरुवातीला त्यात बदल दिसेलच असे नाही आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढायलाही काही तास लागू शकतात. त्यामुळे डॉक्टर पुन्हा तपासणीसाठी थांबायला सांगत असतील, तर थांबावे. जुना ईसीजी आणि चालू औषधांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे नवा बदल ताडून पाहता येतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही ॲन्जिओप्लास्टी होते, याची चौकशी करून ते नाव त्याच फाइलवर लिहून ठेवावे.