सोसायटीची सूचना कशी लिहावी: टाकीच्या सफाईपासून वार्षिक सभेपर्यंत

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी एका शनिवारी फलकावर कागद लागला, "उद्या सकाळी १० ते ५ पाणी बंद राहील, कृपया नोंद घ्यावी." कागदावर तारीख नव्हती. ज्यांनी तो शनिवारी वाचला त्यांनी पाणी भरले. ज्यांनी रविवारी वाचला त्यांनी ते सोमवारसाठी भरायचे ठरवले आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत नळाकडे पाहत राहिले. कागद सोमवारीही तिथेच होता, त्यामुळे काही घरांत मंगळवारीही बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. सूचना लिहिणारे सचिव व्यवहारात अत्यंत काटेकोर होते. चूक एका शब्दाची होती, आणि तो शब्द होता "उद्या".

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीत नव्याने निवडून आलेल्या माणसावर हिशेबाच्या आधी जे काम येऊन पडते ते सूचना लिहिण्याचे. ते कोणी शिकवत नाही. मागच्या समितीच्या फाईलमधला नमुना काढून तारीख बदलली जाते आणि त्यातल्या चुकाही वारशाने पुढे जातात. म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने कसे करावे ते येथे मांडले आहे.

१. आधी प्रकार ठरवा

सोसायटीच्या फलकावर लागणारे कागद तीन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. पहिली जात कायद्याच्या सूचनांची, म्हणजे सर्वसाधारण सभा, निवडणूक, थकबाकीची मागणी वगैरे. यांत मुदत, मजकूर आणि पोहोच या तिन्ही गोष्टी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपल्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे असाव्या लागतात, अन्यथा पुढे वाद सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयापर्यंत जाऊ शकतो. दुसरी जात कामाच्या सूचनांची, जसे की पाणी, लिफ्ट, रंगकाम, कीटकनाशक फवारणी. तिसरी जात आठवणींची, म्हणजे ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, पाहुण्यांची गाडी कोठे लावावी, रात्री दहानंतर आवाज कमी ठेवावा. एका कागदावर एकच विषय असावा. वार्षिक सभेच्या सूचनेच्या तळाशी "तसेच कुंड्यांचे पाणी खाली पडू देऊ नये" हे वाक्य जोडले की सभेतला पहिला अर्धा तास कुंड्यांवर जातो, हे मी पाहिले आहे.

२. वाचणारा लिफ्टची वाट पाहत उभा आहे, हे धरून लिहा

फलकासमोर माणूस थांबतो तो लिफ्ट येईपर्यंत. हातात भाजीची पिशवी असते, चष्मा खिशात असतो. तेवढ्या वेळात त्याला काय होणार, कधी, कोणाच्या घरी आणि मी काय करायचे, एवढे कळले पाहिजे. म्हणून "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेच्या आवारातील पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेसंदर्भात व्यवस्थापन समितीने घेतलेल्या निर्णयानुसार" अशी सुरुवात करू नये. वाचणारा क्रियापदापर्यंत पोहोचण्याआधी लिफ्टचे दार उघडते. वरचीच सूचना पुढीलप्रमाणे लिहिता आली असती:

जावक क्र. १४, दिनांक ७ मार्च २०२६
पाणी बंद: मंगळवार, १० मार्च २०२६, सकाळी १० ते सायंकाळी ५
ए आणि बी विंगच्या गच्चीवरील टाक्यांची सफाई होणार आहे. सी विंगचे पाणी नेहमीप्रमाणे सुरू राहील.
सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. घराबाहेर पडताना सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी. पाणी पुन्हा आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी वापरू नये.
चौकशी: सचिव, संस्थेचे कार्यालय, सायंकाळी ७ ते ९

यात नळ बंद ठेवण्याचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक सूचनांत नसते. पाणी नसताना नळ उघडून पाहिला जातो, तो तसाच राहतो, घरातली माणसे कामावर जातात आणि सायंकाळी पाचला टाकी भरल्यावर खालच्या मजल्यावरच्या घराच्या छताला पाणी झिरपू लागते. त्यानंतर दोन घरांत जे बोलणे होते ते मिटवायला समितीच्या दोन बैठका जातात.

तारखेसोबत वार लिहावाच, कारण तारीख चुकली तर वारामुळे चूक लक्षात येते. "उद्या", "येत्या रविवारी", "पुढील आठवड्यात" हे शब्द फलकावर येऊ देऊ नयेत. ज्यांच्यावर परिणाम होणार नाही त्यांचाही उल्लेख करावा, म्हणजे सी विंगमधून फोन येत नाहीत.

३. सभेच्या सूचनेत दिवस मोजा

येथे मात्र सुटसुटीतपणापेक्षा अचूकपणा मोठा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींप्रमाणे (शासनाने नमुना म्हणून दिलेल्या उपविधींप्रमाणे) तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी सभासदांना मिळावी लागते. विशेष सर्वसाधारण सभेसाठी ही मुदत पूर्ण ५ दिवसांची, तर समितीच्या बैठकीसाठी ३ दिवसांची आहे. "पूर्ण दिवस" मोजताना सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही वगळायचे असतात. सभा २८ सप्टेंबरला असेल, तर १४ ते २७ सप्टेंबर हे चौदा दिवस मोकळे मिळाले पाहिजेत, म्हणून सूचना उशिरात उशिरा १३ तारखेला हाती पडली पाहिजे. चौदा दिवस आधी, म्हणजे १४ तारखेला दिली तरी चालेल असे ढोबळपणे धरणाऱ्यांची मोजणी एका दिवसाने चुकते आणि ज्याला सभा नको असते त्याला तेवढे पुरते.

सूचनेत स्थळ, वेळ आणि क्रमवार विषयपत्रिका असावी; मागील सभेचे इतिवृत्त, हिशेबपत्रके आणि लेखापरीक्षण अहवाल सोबत जोडावेत. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" हे शेवटचे कलम सगळेच लिहितात, परंतु उपविधीतील दुरुस्तीसारखा किंवा मोठ्या खर्चाचा विषय त्या दारातून आत आणू नये, तो विषयपत्रिकेत स्पष्ट शब्दांत हवा. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. अर्ध्या तासात ती न झाल्यास तहकूब सभा त्याच ठिकाणी किती वाजता होईल, हेही सूचनेतच छापावे. आपल्या संस्थेने उपविधी कोणत्या वर्षी स्वीकारले आहेत, हे पाहूनच हे आकडे वापरावेत, कारण जुन्या संस्थांच्या कपाटात जुनीच पुस्तिका सापडते.

४. थकबाकीची आठवण: पाकिटात, फलकावर नव्हे

सर्वांत जपून लिहायची ती ही सूचना. पुष्कळ सोसायट्यांत थकबाकीदारांची नावे फ्लॅट क्रमांकासह प्रवेशद्वाराजवळ लावण्याची किंवा व्हॉट्सॲपवर टाकण्याची हौस असते. माझे मत स्पष्ट आहे की असे करू नये. ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्याला मुद्दाम पैसे द्यायचे नाहीत, ते दोघे त्या यादीत शेजारी शेजारी बसतात. पहिला मोडून पडतो आणि दुसऱ्याला काहीही फरक पडत नाही. थकबाकीचे पत्र त्या सभासदाच्या नावाने, बंद पाकिटात, पोहोच घेऊन द्यावे.

पत्रात एकूण रकमेऐवजी तिची फोड द्यावी: कोणत्या महिन्यांची देखभाल, किती व्याज, पूर्वी भरलेले पैसे कोठे वळते केले. आदर्श उपविधींत थकबाकीवरील सरळव्याजाची कमाल मर्यादा द. सा. द. शे. २१ इतकी ठेवलेली होती. आपला दर उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव पाहून लिहावा. ३,५०० रुपयांच्या एका बिलावर २१ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ६१ रुपये २५ पैसे होते, हे आकड्यात दिसले की "सोसायटी मनाला येईल ते व्याज लावते" ही तक्रार बंद होते. चक्रवाढ लावू नये.

पहिल्या पत्राचा सूर विचारपूस करणारा असावा: "एप्रिल ते जून या तीन महिन्यांची आपली वर्गणी संस्थेकडे जमा झालेली दिसत नाही. आपण भरणा केला असल्यास पावतीचा तपशील कळवावा. अडचण असल्यास खजिनदारांना भेटून हप्ते ठरवून घ्यावेत." बँकेत पैसे जमा होऊन नोंद राहिलेली असण्याची शक्यता नेहमीच असते आणि तसे निघाले तर समितीला मान खाली घालावी लागत नाही. दुसऱ्या पत्रात मुदत द्यावी. अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीसाठी निबंधकांकडे अर्ज करता येतो, याचा उल्लेख तिसऱ्या पत्रात करावा, आणि तोही अर्ज करण्याची खरोखर तयारी असेल तरच. "कडक कारवाई करण्यात येईल" हे वाक्य दहा वेळा लिहून एकदाही कारवाई न करणाऱ्या समितीचे अकरावे पत्र कोणी उघडत नाही.

५. आठवणीत कारण सांगा, हुकूम सोडू नका

"कुंड्यांखालील ताटल्यांत पाणी साचू देऊ नये" या वाक्याचा परिणाम होत नाही. त्याऐवजी असे लिहावे की डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली रिकामी करून पुसून कोरडी करावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ही एक ओळ वाचून माझ्या शेजारच्या काकूंनी फ्रिजमागचा ट्रे पहिल्यांदा बाहेर ओढला. तिथे असा ट्रे असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

जे सांगण्याचा अधिकार संस्थेला नाही, ते सांगूही नये. "या इमारतीत कुत्री पाळण्यास मनाई आहे" अशी सूचना कायद्यापुढे टिकत नाही. लिफ्टमध्ये साखळी लावावी आणि घाण मालकाने उचलावी, असे आवाहन करता येते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आहे, तेव्हा दुपारच्या तबल्याच्या रियाजावर बंदीचा कागद लावण्याऐवजी शेजाऱ्यांना समोरासमोर बसवावे. घर भाड्याने देणाऱ्यांकडून घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्कदेखील सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक मागता येत नाही. ही मर्यादा २००१ सालच्या शासन आदेशापासूनची आहे.

६. वर्षाचे पत्रक आधीच आखा

एप्रिलमध्ये नव्या समितीने एक कागद घेऊन बारा महिने लिहून काढावेत. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा, परवानाधारक संस्थेने दिलेला 'ब' नमुना सादर करायचा असतो. मेमध्ये गच्चीवरील पाण्याच्या जाळ्या साफ करायच्या आणि झाडांच्या फांद्या छाटायच्या, पण छाटणीस वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून अर्ज त्याच्या पुष्कळ आधी जायला हवा. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षांच्या दरम्यान असल्यास दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी येते. या तारखा आधी दिसल्या की सूचना घाईत लिहाव्या लागत नाहीत.

७. पोहोचवा आणि उतरवा

कामाच्या सूचनेसाठी व्हॉट्सॲप पुरते, मात्र गट दोन असावेत: एक फक्त समितीने लिहिण्याचा आणि दुसरा चर्चेचा. पहिल्या गटात "सुप्रभात" येऊ लागले की टाकीची सूचना गुलाबाच्या चित्रांखाली गाडली जाते. मजकूर थेट लिहून पाठवावा. जोडलेली फाईल ज्येष्ठ सभासद उघडत नाहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या घरी वॉचमनने नोंदवही नेऊन सही घ्यावी. पाणी आणि लिफ्टच्या सूचना भाडेकरूंनाही पोहोचल्या पाहिजेत, कारण घरात राहतात ते; सभेची सूचना मात्र परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या मालकाला टपालाने किंवा ईमेलने जायला हवी. इतर भाषांतील शेजारी असतील तर मराठीखाली हिंदी किंवा इंग्रजी मजकूर द्यावा. घरकामाच्या बायका आणि ड्रायव्हर यांना तोंडी सांगावे.

प्रत्येक सूचनेला जावक क्रमांक द्यावा, एक प्रत फाईलला लावावी आणि फलकावर लावलेल्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवावे.

शेवटी, काम झाले की दोन ओळींची बातमी द्यावी: "ए आणि बी विंगच्या टाक्यांची सफाई पूर्ण झाली. बी विंगच्या टाकीच्या झाकणाला तडा आढळला असून नवे झाकण शुक्रवार, १३ मार्चपर्यंत बसवले जाईल." आणि ती लावताना जुना कागद काढून घ्यावा, सेलोटेपच्या तुकड्यांसकट.