पालिकेत नोकरी हवी, पण कुठल्या पालिकेत?

साताऱ्याला नगरपरिषद आहे आणि सांगलीला महानगरपालिका. नोकरीच्या शोधातली बहुतेक मुलं दोन्हीला ‘पालिका’ म्हणतात आणि ‘भरती निघाली का हो?’ एवढंच विचारतात. मी सांगलीची, आता एका नगरपरिषदेत करविभागात आहे. मला विचाराल तर भरती निघायच्या आधीच एक गोष्ट ठरवावी: आपल्याला नेमकं कोणाचं नोकर व्हायचंय?

साताऱ्याची नगरपरिषद चालते १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली. तिथले कर, लेखा, स्थापत्य, पाणीपुरवठा, संगणक, अग्निशमन, स्वच्छता निरीक्षक वगैरे कर्मचारी राज्यसंवर्गाचे असतात. म्हणजे तुम्ही सातारा नगरपरिषदेत काम कराल, पण भरती करणार आणि बदली करणार नगरपरिषद प्रशासन संचालनालय. २०२३ मध्ये अशी १७८२ पदांची जाहिरात आली होती, संपूर्ण राज्यासाठी एकच. साताऱ्याच्या पोराने परीक्षा द्यायची आणि नेमणूक विदर्भातल्या एखाद्या गावी निघायची, हे अगदी नेहमीचं आहे. मुख्याधिकारी व्हायचं असेल तर रस्ता आणखी वेगळा, तो लोकसेवा आयोगातून जातो.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली १९९८ साली. ती महानगरपालिका अधिनियमाखाली येते आणि तिची आस्थापना, म्हणजे कर्मचारीवर्ग, स्वतःची. एकदा तिथे लागलात की बदली होऊन होऊन कुठे? सांगलीहून मिरजेला किंवा कुपवाडला. घरून डबा घेऊन निघता येतं. आई-वडील आजारी असणाऱ्यांना, लग्न ठरत आलेल्या मुलींना हा फरक पगाराच्या श्रेणीपेक्षा मोठा वाटतो, आणि मला तो विचार अजिबात चुकीचा वाटत नाही. मात्र महापालिकेची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा धरू नका. पदं रिकामी असतात, सगळ्यांना दिसतात, पण आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं शासनाचं बंधन आहे. घरपट्टी नीट वसूल होत नसेल तर भरतीची फाईल तिथेच अडते. त्यात आकृतिबंध, म्हणजे कुठली किती पदं याचा तक्ता, मंजूर हवा, बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला याची आरक्षणाची नोंद, तपासून हवी. म्हणून फक्त महापालिकेची वाट बघत दोन-चार वर्षं घालवण्यात अर्थ नाही, राज्यसंवर्गाचा अर्जही सोबत भरत राहावा.

आता काम काय असतं ते सांगते, कारण अभ्यासिकेत बसून याची कल्पनाच येत नाही. माझा विभाग घ्या. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी मिळकतींची नव्याने पाहणी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. टेप घेऊन घरोघर फिरायचं. वरच्या मजल्यावर नवीन खोली दिसते, आणि मालक सांगतो, ‘मॅडम, ती पाहुण्यांसाठी आहे, कोण राहत नाही तिथं.’ खोली मोजायचीच. मग वाढीव कराची नोटीस, मग हरकती, मग सुनावणी. साताऱ्याची हद्द २०२० मध्ये वाढली, शाहूपुरी, विलासपूर असे ग्रामपंचायतीचे भाग शहरात आले. अशा ठिकाणी पहिला कर लागतो तेव्हा करविभागाच्या दारात काय गर्दी होत असेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

मार्चमध्ये वसुली. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागतो, आणि तो माफ करा म्हणून भांडायला येणारा माणूस तुमच्यावरच चिडलेला असतो. ठराव तुम्ही केलेला नसतो, कायदा तुम्ही लिहिलेला नसतो, तरी शिव्या खिडकीतल्या माणसाला. हे सहन होणार नसेल तर लेखा विभाग बघा, तिथे माणसांपेक्षा कागद जास्त.

पण माझ्या कामातला खरा वेळ जातो तो घराच्या कराच्या नोंदीवर वारसांचं नाव लावण्यात. पणजोबांच्या नावावरचं घर, दोन पिढ्यांत कोणी नोंद केली नाही, आणि आता एक भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, प्रॉपर्टी कार्ड आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन उभा. तिसऱ्या बहिणीची सही नाही. ‘ती सासरी कोकणात असते, तिचं काय काम?’ काम आहे, हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. त्यातही लोकांना एक गोष्ट पटतच नाही: आकारणीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे घर तुमच्या मालकीचं झालं असं नाही. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. हे रोज न वैतागता सांगता येणं हीच या टेबलावरची पात्रता, परीक्षेत ती कुठे विचारत नाहीत.

बाकीच्या विभागांपैकी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. स्वच्छता निरीक्षक व्हायला नुसती पदवी चालत नाही, त्याची पदविका लागते. पहाटे हजेरी शेडवर उभं राहायची तयारी हवी, मुकादम आणि सफाई कामगार यांच्याशी बोलता यायला हवं. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते, त्यामुळे ती पदं खुल्या जाहिरातीत फारशी दिसत नाहीत. अग्निशमनासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि शारीरिक मापं लागतात. सांगलीत या खात्याचं काम आगीपुरतं नाही, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर होतं. बोट चालवायची, लोक बाहेर काढायचे. पाण्याला भिणाऱ्याने सांगलीत अग्निशामक होऊ नये, एवढंच म्हणते. साताऱ्यात पाणीपुरवठ्याचा विषय कास आणि शहापूर योजनांभोवती फिरतो, तिथे स्थापत्यवाल्यांना शिकायला भरपूर आहे.

कंत्राटी जागांबद्दल लोक नाक मुरडतात. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बहुउद्देशीय कर्मचारी घेतले जातात, मानधन ठरावीक, मुदत संपली की पुनर्नियुक्ती. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पालिकांत मुलं येतात. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीला दहा हजार रुपये महिना. यातून पुढे कायम होऊ अशी आशा धरून कोणी येऊ नये. फाईल कशी लिहितात, टिपणी कशी ठेवतात हे शिकायला मात्र चांगली जागा. मी स्वतः कंत्राटी डेटा एंट्री करत असताना आवक-जावक शिकले, आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याचाच उपयोग झाला.

परीक्षेचं थोडक्यात. २०२२ पासून टीसीएस किंवा आयबीपीएस यांच्याकडून ऑनलाइन परीक्षा होतात. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन, आणि बऱ्याच पदांना त्या सेवेचा विषय. निवड यादीत यायला किमान ४५ टक्के हवेत. आपल्याकडची मुलं इंग्रजीला घाबरतात आणि गुण जातात मराठी व्याकरणात, हे मी ओळखीच्या कितीतरी जणांचं पाहिलंय. गट ‘क’ला मुलाखत नसते. त्यामुळे ‘आत आपला माणूस आहे, एवढे द्या’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

कागदपत्रांवर मात्र जरा थांबते, कारण सातारा-सांगलीकडे एक गोष्ट विशेष आहे. कोयना आणि वारणा धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरच्यांना प्रकल्पग्रस्तांचं पाच टक्के समांतर आरक्षण, म्हणजे आपापल्या प्रवर्गाच्या आतलं आरक्षण, मिळतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातल्या भूकंपग्रस्तांना दोन टक्के. दाखला आजोबांच्या नावचा असतो आणि ट्रंकेत पडून असतो. तो नातवाच्या नावे हस्तांतरित करून घ्यावा लागतो, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेतून, आणि कुटुंबातल्या एकालाच त्याचा लाभ मिळतो, म्हणून चुलत्यांची संमती लागते. हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र हाताशी ठेवा. दहावीच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का तेही तपासा. लग्न झालेल्या मुलींनी तर नक्कीच, नाव बदलल्याचा पुरावा त्यांना लागतोच.