कॅमेरा बघायला जाताना एसडी कार्ड खिशात टाका

दुकानात कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो झकासच दिसतो. म्हणून पणजी-म्हापशाला स्वस्तातला कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा छोटा कॅमेरा) बघायला जाताना आपलं कार्ड न्या आणि तीन फोटो काढा.

१. दारातून रस्त्याचा. उन्हात सगळेच कॅमेरे गुणी.
२. दुकानाच्या आत, फ्लॅश बंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६००. पितळ इथेच उघडं पडतं.
३. डिजिटल झूम (नुसतं चित्र ताणून मोठं करणारा) बंद करून ऑप्टिकल झूम (लेन्सचा खरा झूम) शेवटपर्यंत ताणा, समोरच्या पाटीवर.

घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के आकारात बघा. फक्त दुसराच रवाळ आला आणि तुम्ही दिवसाच फिरणारे असाल, तर खुशाल घ्या. शिगम्याची संध्याकाळची मिरवणूक मात्र मोबाईलवरच काढा.

मिरामारच्या वाळूत जपून: बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या फटीत एक कण गेला तरी ती अडकू शकते.