वर्गात अंध विद्यार्थी असेल तेव्हा: नव्या प्राध्यापकांसाठी

वर्गाच्या यादीत एखादा अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी आहे असं कळलं, की नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांना आधी परीक्षेचा लेखनिक आठवतो. लेखनिक लागतोच. पण हा विद्यार्थी मागे पडायला लागतो तो त्याच्या कितीतरी आधी, कारण बाकीचा वर्ग जुलैत वाचतो ते त्याच्या हातात परीक्षेच्या तोंडावर पडतं, आणि तेही वाचता न येणाऱ्या रूपात. म्हणून सुरुवात साहित्यापासून करावी.

पहिल्याच आठवड्यात त्याला वर्गाबाहेर, एकट्याला भेटा. किती दिसतं, कशावर वाचतोस, नोंदी कशा घेतोस, एवढं सरळ विचारा. उत्तरं गृहीत धरू नका. दृष्टी उशिरा गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. अल्पदृष्टी विद्यार्थ्याला पहिला बाक सोयीचा असेलच असं नाही. नजरेचा घेर अरुंद झालेल्या काहींना थोडं मागून फळा जास्त दिसतो. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असेल तर कुठेही बसवलं तरी उपयोग नाही.

आता नोट्सकडे वळू. बरेच अंध विद्यार्थी लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि मोबाइलवर टॉकबॅक हे स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्राम, वापरतात. एनव्हीडीए मोफत आहे. हे स्क्रीनरीडर मराठी वाचतात, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, असेल तरच. आपल्याकडच्या जुन्या नोट्स आणि प्रश्नसंच बरेचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. डोळ्यांना ते मराठीच दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. कृतिदेवमधल्या ‘मराठी’ या शब्दाच्या जागी स्क्रीनरीडरला ई, जे, के, बी, एच ही अक्षरं सापडतात. विद्यार्थ्याला ऐकू येते ती निव्वळ बडबड. तपासणं सोपं आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे इंग्रजी अक्षरं उमटली तर ती फाइल फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला, चुका तिथेच होतात.

झेरॉक्स स्कॅन करून केलेली पीडीएफ ही दुसरी अडचण. ती नुसती चित्रं असतात, स्क्रीनरीडर तिथे गप्प बसतो. अशी फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा होऊन मिळतो. स्कॅन ३०० डीपीआयचं, सरळ आणि बांधणीच्या बाजूला सावली न पडलेलं असावं. दोन स्तंभांचं पान असेल तर ओळी एकमेकांत मिसळतात, तक्ते मोडतात. तेवढा भाग हाताने नीट करावा लागतो. हे काम एनएसएसच्या दोन-तीन विद्यार्थ्यांत वाटून देता येतं. वर्डमध्ये शीर्षकं नुसती ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा. मग एनव्हीडीएच्या वाचनाच्या (ब्राउझ) मोडमध्ये एच दाबत विद्यार्थी एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. नाहीतर चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. अभ्यासक्रमातलं पुस्तक सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आहे का, तेही आधी पाहून घ्या.

शिकवताना सवय एकच बदलायची: फळ्यावर लिहाल ते तोंडाने बोला. ‘ही रेषा इथून अशी खाली येते’ यातून त्याला काहीच मिळत नाही. ‘आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, रेषा डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरते’ असं म्हटलं की आकृती उभी राहते, आणि खरं सांगायचं तर डोळस विद्यार्थ्यांनाही ती तेव्हाच नीट समजते. गणित आणि संख्याशास्त्रात फार जपावं लागतं. ‘ए अधिक बीचा वर्ग’ म्हणजे वर्ग फक्त बीचा की दोघांच्या बेरजेचा? ‘कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’ असं पूर्ण बोला. महत्त्वाच्या आकृत्या जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवून करता येतात. रात्रभर वाळू द्या, आणि एका पुठ्ठ्यावर एकच आकृती ठेवा. गर्दी झाली की बोटांना रेषा सुट्या लागत नाहीत.

वर्गातले बाक हलवले असतील तर त्याला सांगा. वाट दाखवताना हात धरून ओढू नका. त्याला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. बोलणं संपवून निघताना ‘मी निघतोय’ एवढं म्हणा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

आता परीक्षा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ हे स्पष्ट केलं. म्हणजे अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. लेखनिक न घेणाऱ्या पात्र दिव्यांग विद्यार्थ्यालाही जादा वेळ मिळतो. लेखनिकाच्या शिक्षणाची अट आणि अर्जाची मुदत मात्र विद्यापीठाच्या चालू परिपत्रकात पाहा. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र) यांच्या प्रती सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागात द्या.

अंतर्गत चाचणीलाही लेखनिक आणि जादा वेळ द्यायचा असतो. इथेच सर्वांत जास्त विसर पडतो. लेखनिक आदल्या रात्री शोधलेला असला तर पारिभाषिक शब्द चुकतात आणि गुण विद्यार्थ्याचे जातात. निदान एक जुनी प्रश्नपत्रिका दोघांनी मिळून सोडवलेली असावी. लेखनिकाने प्रश्न गुणांसकट वाचायचा, उत्तर सांगितलं तसंच लिहायचं, विचारलं की परत वाचून दाखवायचं. खोली वेगळी आणि तळमजल्यावरची हवी. आकृतीच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न हवा असेल तर तो प्रश्नपत्रिका काढतानाच ठरवा. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षकाला काही करता येत नाही. एका दिवशी दोन पेपर असतील तर जादा वेळ धरून पहिला कधी संपतो ते आधीच मोजा. मध्ये जेवणापुरतीही वेळ उरत नसेल, तर वेळापत्रक जाहीर होताच परीक्षा विभागाला लेखी कळवा.